पार्ट टाईम म्हणजे नक्की किती तास? नारायण पेठेतल्या एका नोकरी लावून देणाऱ्या ऑफिसचा अनुभव

जूनपासून मी परत कामाला लागलेय, सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच, आठवड्याचे सहा दिवस, आणि हे काम ज्या ऑफिसमधून मिळालं त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ऑफिस म्हणजे काय, नारायण पेठेत मोदी गणपतीकडून आत गेलं की एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात एक काकू आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगी, बास. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण काकूंनीच सांगितलं, नेटवर नाव टाकू नकोस गं, आम्हा दोघींना आहे तेच आवरत नाही. त्यामुळे नाव-नंबर राहू दे, पण त्यांची काम करायची पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण कमी तासांचं काम शोधणाऱ्या प्रत्येकाने, खास करून माझ्यासारख्या घर सांभाळून बाहेर पडणाऱ्या बायकांनी, ती पद्धत स्वतःच वापरावी असं मला मनापासून वाटतं.

आधी माझं थोडं. मी बी.कॉम., टॅली चांगलं येतं, अकरा वर्षं अकाउंट्सला काढली. सासूबाईंना पॅरॅलिसिसचा ॲटॅक आला तेव्हा नोकरी सोडली ती सहा वर्षं घरीच. आता त्यांच्याजवळ थांबायला मावशी येतात, साडेनऊला येतात आणि साडेतीनला जातात, म्हणजे मला जे काही करायचं ते त्या सहा तासांत, आणि त्यातून जायचा-यायचा वेळ वजा. आम्ही आनंदनगरला राहतो, मेट्रोने डेक्कनला पटकन पोचते पण पुढे लकडी पुलावरून चालत पेठेत यायचं म्हणजे घर ते टेबल पाऊण तास धराच.

तर मार्चमध्ये एका ॲपवर जाहिरात दिसली, 'लेडीज अकाउंटंट पाहिजे, पार्ट टाईम, पगार ८,०००'. मध्यवस्तीतलं कपड्यांचं दुकान. मी फोन केला, सुट्टी कुठल्या वारी, पगार रोख का बँकेत, जीएसटीचं काम कोण बघतं, सगळं विचारलं, तास काही विचारले नाहीत. कारण पार्ट टाईम म्हणजे अर्धा दिवस हे मी धरूनच चालले होते. पहिल्या दिवशी मालक म्हणाले, अकरा ते सहा. मला वाटलं आजच्या दिवसापुरतं असेल, तर नाही, रोजच. मी म्हणलं अहो पण तुम्ही तर पार्ट टाईम लिहिलं होतं, तर ते अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, बाकीचे सगळे दहा ते आठ असतात, तुम्ही सहालाच सुटता, मग पार्ट टाईमच झालं की."

मी तिथे २३ दिवस काढले. रोज मावशींना जास्तीचे तास थांबवायचं, त्यांचे वरचे पैसे द्यायचे, मुलगा शाळेतून आला की शेजारच्या वहिनींकडे, आणि मी सातला घरात. मावशींनी एकदाही कुरकुर केली नाही पण त्यांची पुढची दोन घरं रोज उशिरा व्हायला लागली आणि तिथल्या बायकांचे फोन त्यांना माझ्या घरात यायला लागले, ते ऐकून मला फार वाईट वाटलं. माझ्या कामाचे तास ठरले नव्हते आणि त्याचं ओझं त्यांच्यावर पडत होतं. सोडलं मग.

एप्रिलमध्ये एका मैत्रिणीने या काकूंकडे पाठवलं. मी जाऊन बसले आणि म्हणाले मला पार्ट टाईम काम पाहिजे. काकूंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरातून लवकरात लवकर किती वाजता निघू शकतेस, आणि परत पाय घरात किती वाजता पडला पाहिजे?" मी म्हणलं पावणेदहाला निघेन आणि सव्वातीनपर्यंत परत यायलाच हवं. मग विचारलं राहतेस कुठे, येणार कशाने. त्यांनी कागदावर दोन्हीकडचा पाऊण पाऊण तास वजा केला आणि लिहिलं, १०.३० ते २.३०. म्हणाल्या हे तुझे चार तास, आता या चार तासांसाठी कोणाला माणूस पाहिजे ते बघू.

त्यांची वही बघण्यासारखी आहे. लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी, व्यापारी वापरतात तसली, आणि आत पेन्सिलने आखलेले रकाने. डावीकडे मालकाची माहिती, मग येण्याची वेळ, जाण्याची वेळ, मध्ये जेवणाची सुट्टी आहे का आणि ती तासांत धरलेली आहे का, आठवड्यात दिवस किती, महिन्याचा पगार, आणि त्याच्या शेजारी लाल पेनने एका तासाचे किती पडतात तो आकडा. शेवटचा रकाना मला सगळ्यात आवडला, त्यावर लिहिलंय 'सणाला'. म्हणजे दसरा ते दिवाळी आणि गणपतीत या माणसाने किती वाजेपर्यंत थांबायचं आणि त्याचे वेगळे किती. लक्ष्मी रोडच्या आसपास ज्यांनी काम केलंय त्यांना हा रकाना का आहे ते सांगायला नको. वर्षभर चार तास म्हणायचं आणि दिवाळीचे पंधरा दिवस रात्री नऊपर्यंत अडकवायचं हे सर्रास चालतं.

आणि त्या वहीत 'पार्ट टाईम' असा रकानाच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, मालक फोनवर पार्ट टाईम म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात पगार असतो आणि बाई पार्ट टाईम म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात घड्याळ असतं, म्हणून मी तो शब्द लिहितच नाही. मला एकदम दुकानातलं आठवलं. खरंच, त्या मालकाने 'पार्ट' लावलं होतं ते पगाराला.

काकू आधी तीस वर्षं एका लेबर कन्सल्टंटकडे होत्या, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, रिटर्न्स हे सगळं त्यांनी हाताने केलेलं, त्यामुळे त्या हवेत बोलत नाहीत. त्यांच्याकडून जे कळलं आणि मग घरी येऊन मी जे वाचलं ते इथे देते कारण मला ४३ वर्षांच्या आयुष्यात हे कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं म्हणजे पार्ट टाईम म्हणजे अमुक तास असा ठोक आकडा सगळीकडे चालणारा नाहीच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९४ सालचा अर्धवेळ कामाबद्दलचा करार आहे, क्रमांक १७५, त्यात व्याख्या अशी की ज्याचे नेहमीचे कामाचे तास त्याच तऱ्हेचं काम करणाऱ्या पूर्णवेळ माणसापेक्षा कमी आहेत तो अर्धवेळ. भारताने तो करार स्वीकारलेला नाही ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत सरकारी आकडेवारीसाठी आठवड्याला ३५ तासांच्या आत असेल तर पार्ट टाईम धरतात. माझी भाची जर्मन शिकतेय, ती म्हणाली त्यांच्यात टाइल्त्साइट म्हणतात, टाइल म्हणजे भाग आणि त्साइट म्हणजे वेळ, आणि तिथल्या २००१ पासूनच्या कायद्यातसुद्धा व्याख्या तशीच आहे, पूर्णवेळवाल्याशी तुलना करून. फरक इतकाच की तिथे १५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने काम झालं की माणूस स्वतःहून तास कमी करून मागू शकतो आणि मालकाला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं.

आता या व्याख्येने बघितलं तर दुकानाचे मालक शब्दाला धरून बरोबरच होते ना, बाकीचे दहा तास, मी सात तास, कमी आहेत, झालं पार्ट टाईम! हे मी काकूंना म्हणलं तर त्या म्हणाल्या, "पण ज्याच्याशी तुलना करायची ते दहा तास कुठून आले ते विचार की." कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली, आणि महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आला त्यातही हेच दोन आकडे होते. दहा तास गुणिले सहा दिवस म्हणजे साठ. म्हणजे मोजपट्टीच लांब करून ठेवली होती आणि त्या लांब पट्टीवर माझे आठवड्याचे ४२ तास आखूड दिसत होते. ४८ चं अर्धं २४ होतं. मी आत्ता जे काम करते ते बरोबर २४ तासांचं आहे, हे मी नंतर मोजलं तेव्हा मला खूप बरं वाटलं.

दुसरं पगाराचं, आणि हे नीट वाचा. आपल्याकडे सगळे धरून चालतात की पार्ट टाईमवाल्याला तासामागे कमीच मिळणार. महाराष्ट्र सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचना निघतात त्यात पार्ट टाईम कामगाराचा तासाचा दर कसा काढायचा ते लिहिलेलं असतं: महिन्याच्या दराला २६ ने भागून रोजचा दर, त्याला आठने भागायचं आणि जे येईल त्यात १५ टक्के वाढवायचे. कमी नाही करायचे, वाढवायचे. मला हे खरंच वाटेना, मी काकूंना दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या अगं जो माणूस चार तासांसाठी येतो त्याचा जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्च आठ तासवाल्याइतकाच असतो ना.

मग घरी जाऊन मी त्या दुकानाचा हिशोब मांडला, शेवटी अकाउंटंटच मी. तिथे पूर्णवेळ मुलीला १६,००० होते. २६ दिवस दहा तासांनी २६० तास, म्हणजे तिला तासाला साधारण साडेएकसष्ट रुपये. मला ८,००० आणि २६ दिवस सात तासांनी १८२ तास, म्हणजे ४४ रुपये सुद्धा पूर्ण नाहीत. आता किमान वेतनाची ती रीत त्या १६,००० ला लावून बघा, २६ ने भागून ६१५, आठने भागून ७६ रुपये ९२ पैसे, त्यात १५ टक्के, ८८ रुपये ४६ पैसे. माझ्या हातात त्याच्या निम्मे पडत होते. आणि त्या मुलीवरही अन्यायच चालला होता, तिला आठच्या जागी दहा तास. ती मुलगी रोज डब्यातली भाजी मला वाढायची, तिला हे सांगायला मी परत गेले नाही याची मला आत्ताही चुटपुट आहे.

तिसरं पीएफचं. 'पार्ट टाईमला पीएफ नसतो हो' हे वाक्य मी आजवर तीन मालकांच्या तोंडून ऐकलंय. असा नियम नाही. जिथे वीस किंवा जास्त माणसं आहेत आणि पीएफ लागू आहे तिथे कमी तास काम करणारा माणूससुद्धा त्यात येतो, पगारावर काम करतो ना, मग झालं. ईएसआयचं तसंच, दहा माणसांची जागा आणि महिन्याला २१,००० च्या आत पगार असेल तर तास कमी आहेत म्हणून वगळता येत नाही, आणि ईएसआयमध्ये माणसाच्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो. घरातल्या आजारपणात ते कार्ड किती कामाला येतं हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच माहिती.

मी तिथे दुसऱ्यांदा गेले तेव्हा बाकावर एक मुलगा बसला होता, बीड जिल्ह्यातला, सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. सकाळी सात ते दुपारी चार अभ्यासिका, मग संध्याकाळचे तीन तास कुठेतरी काम मिळालं तर मेसचा खर्च निघेल असं त्याचं म्हणणं. त्याचा एक प्रश्न होता तो ऐकून मला कळलं की या एका शब्दाने किती घोळ होतात. सरकारी भरतीच्या जाहिरातीत समांतर आरक्षणात 'पदवीधर अंशकालीन' असं लिहिलेलं असतं, १० टक्के, तर त्याला वाटत होतं की इथे पार्ट टाईम काम करून सर्टिफिकेट घेतलं की आपण त्यात बसू. काकूंनी त्याला समोर बसवून समजावलं की बाळा ते वेगळं आहे, सुशिक्षित बेरोजगारांच्या जुन्या योजनेत ज्यांनी सरकारी ऑफिसात मानधनावर तीन वर्षं काम केलं आणि ज्यांची तशी नोंद रोजगार केंद्रात आहे त्यांच्यासाठी ते आहे, दुकानातल्या कामाचं सर्टिफिकेट तिथे चालणार नाही, त्याच्या भरवशावर फॉर्ममध्ये टिक करू नकोस. पोराचा चेहरा पडला पण चुकीचा फॉर्म भरण्यापेक्षा हे बरं.

खरंतर आपल्या मराठीतच या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत बघा. सरकारी कागदावर अंशकालीन, तिथे आरोग्य उपकेंद्रातल्या अंशकालीन स्त्री परिचर येतात. शाळेत अर्धवेळ, अर्धवेळ ग्रंथपाल, अर्धवेळ शिक्षक. कॉलेजात तासिका तत्त्वावर, सीएचबी, म्हणजे घेतलेल्या लेक्चरचेच पैसे, मे महिन्यात काही नाही. माझी एक मैत्रीण प्राध्यापकांची नेट परीक्षा पास होऊन आठ वर्षं सीएचबीवर आहे, लोक तिला पार्ट टाईम म्हणतात, पण ती दोन कॉलेजं मिळून सकाळी सात ते संध्याकाळी पाच बाहेर असते. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' आहे, ज्याचं मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या पोरांसाठी घालून दिलेल्या वाटेत आहे, तिथे मुलं तासांवर काम करून शिकतात. हे सगळे शब्द आपण बोलताना एका 'पार्ट टाईम'मध्ये कोंबतो आणि मग कोणाला कोणते हक्क आहेत, सुट्टी आहे का, मे महिन्यात पगार आहे का, काही कळेनासं होतं.

आणि आमच्या मावशी मात्र हा शब्द कधीच वापरत नाहीत. त्या कामाला आल्या तेव्हा दारातच सांगितलं होतं, "साडेनऊ ते साडेतीन, महिन्याला दोन सुट्ट्या, त्याचा खाडा धरायचा नाही, दिवाळीला एक पगार." चार वाक्यांत सगळं. त्या दिवसाची चार घरं करतात, प्रत्येक घराच्या हिशोबाने त्या अर्ध्या दिवसाच्या, आणि सगळी घरं मिळून पहाटे सहा ते संध्याकाळी सहा. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता आणि त्यातूनच इथे मोलकरणींची संघटना उभी राहिली, मावशींच्या आई त्यात होत्या. सुट्टी, खाडा, दिवाळीचा पगार हे आधी बोलून घ्यायचं ही रीत त्यांच्यात तेव्हापासूनची असं त्या सांगतात. मी बी.कॉम. होऊन, अकरा वर्षं नोकरी करून दुकानात तास न विचारता गेले आणि मावशी शाळेत चौथीपर्यंत जाऊन दारात तास सांगून आत येतात. काकूंच्या वहीतला 'सणाला' हा रकाना मी त्यांना सांगितला तर म्हणाल्या, बरोबर आहे की, सणाचं आधीच बोलावं लागतं.

आता मुख्य, काम मिळालं का. मिळालं, पण लगेच नाही. एप्रिलमध्ये नाव लिहिलं, मे अख्खा कोरडा गेला. मध्ये एक जागा आली होती पण तिथे सकाळी साडेनऊला हजर व्हायचं होतं, काकूंनी मला कळवलं आणि वर स्वतःच म्हणाल्या की तुझ्या घड्याळात हे बसत नाही, जाऊ नकोस. दुसरं कोणी असतं तर पाठवून दिलं असतं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पुस्तक वितरकाकडे, शाळा-कॉलेजच्या पुस्तकांचा व्यवहार, खरेदीची बिलं चढवायची, जीएसटीचा डेटा तयार करून सीएकडे पाठवायचा, येणी बघायची. पगार ९,५००, २६ दिवस चार तास म्हणजे १०४ तास, तासाला ९१ रुपये. वहीत लाल पेनने तोच आकडा लिहिला होता. जून-जुलै म्हणजे त्या चौकात पाय ठेवायला जागा नसते, तर त्या दोन महिन्यांत गरज पडली तर तीनपर्यंत थांबायचं आणि त्याचे वेगळे पैसे हे 'सणाला'च्या रकान्यात लिहून घेतलं होतं, आणि जुलैत मी सहा दिवस थांबले त्याचे पैसे न मागता मिळाले.

नेमणुकीचं एक पानी पत्र काकू स्वतः मराठीत टाईप करून देतात, दोन प्रती, एक मालकाकडे एक आपल्याकडे. त्यात पहिलीच ओळ वेळेची. माझ्या पत्रात लिहिलंय, 'कामाची वेळ सकाळी १०.३० ते दुपारी २.३०, यात जेवणाची सुट्टी नाही, चहाची दहा मिनिटं कामाच्या वेळेतच.' चहाची दहा मिनिटं लिहून देणारं पत्र मी पहिल्यांदाच बघितलं.

पैशांचं सांगते. आपल्याकडून नाव लिहायचे ३०० रुपये घेतात, पावती देतात, आणि सहा महिन्यांत काम लागलं नाही तर परत करतात. काम लागल्यावर त्यांची फी मालकाकडून, आपल्या पगारातून काही नाही. हे महत्त्वाचं आहे कारण हल्ली पार्ट टाईमच्या नावाखाली जे चाललंय ते भयंकर आहे. 'घरबसल्या पार्ट टाईम, दिवसाला दोन-तीन हजार' असे मेसेज सगळ्यांना येतात, आधी दोन व्हिडिओ लाईक करायला लावून शे-दीडशे रुपये खरंच खात्यात टाकतात, मग टेलिग्रामच्या ग्रुपात घेऊन 'टास्क'साठी आधी पैसे भरा म्हणतात आणि तिथून पुढे माणूस बुडतो. आमच्याच सोसायटीतल्या एका मुलीचे चाळीस हजार गेले, तिने आईला चार महिने सांगितलं नाही. असं कोणाचं झालं तर लगेच १९३० ला फोन करा, सायबर फ्रॉडची हेल्पलाईन आहे, जितका लवकर फोन तितकी पैसे गोठवले जायची शक्यता जास्त. आणि काम द्यायच्या आधी कामासाठी पैसे भरायला सांगतात तिथून उठून यायचं, मग नाव कितीही मोठं असो.

कमी पडतं तेही लिहिते म्हणजे जाणाऱ्याला अंदाज येईल. फोन उचलायचे वांधे आहेत, पाच वेळा करा तेव्हा एकदा लागतो, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी. सगळं वहीत असल्यामुळे तुमची माहिती शोधायला त्यांना वेळ लागतो, एकदा माझंच नाव दुसऱ्या पानावर सापडलं. जागा बहुतेक पेठांतल्या, टिळक रोड, फार तर डेक्कन आणि कर्वे रोड, तुम्ही हडपसर नाहीतर पिंपरीकडचे असाल तर उपयोग कमी. आयटीतली, घरून करायची कामं त्यांच्याकडे येत नाहीत. अकाउंट्स, दुकानातलं काउंटर, दवाखान्यातलं रिसेप्शन, क्लासेसचं ऑफिस, लायब्ररी, आजी-आजोबांना सोबत अशी कामं येतात. पुरुषांसाठी कमी, पण तो बीडचा मुलगा एका मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ लागला, मला जिन्यात भेटला तेव्हा त्याने सांगितलं. जिना लाकडी आणि उभा आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर खालून हाक मारा, ती मुलगी वही घेऊन खाली येते, मी स्वतः बघितलंय.

आणखी एक, काकू थोड्या कडक आहेत. एक बाई लागलेल्या कामावर दुसऱ्याच आठवड्यात न सांगता गेल्या नाहीत तर काकूंनी त्यांना फोनवर सगळ्यांसमोर सुनावलं. मला ते ऐकताना अवघड झालं होतं, एकांतात बोलायला हवं होतं असं वाटलं. पण मालकांना त्या तितक्याच स्पष्ट बोलतात. माझ्यासमोर एका क्लासवाल्यांनी फोनवर 'पार्ट टाईम मुलगी पाहिजे, वेळेचं आपण नंतर बघू' म्हणलं तर काकू म्हणाल्या, "वेळ ठरली की फोन करा साहेब, मी वही उघडून ठेवते," आणि ठेवला फोन. ते अर्ध्या तासात परत आले फोनवर, चार ते आठ, रविवारी सुट्टी.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, तो अर्धा फोनचा कापला.

जायचं असेल त्यांच्यासाठी, कोणीतरी ओळखीचं घेऊन जाईलच, वेळ सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात, गुरुवारी बंद. आधार कार्डची झेरॉक्स, एक फोटो, शेवटच्या नोकरीचं काही पत्र असेल तर ते न्या, नसलं तरी अडत नाही. आणि जाण्याआधी घरच्यांबरोबर बसून घड्याळ ठरवून जा, निघायचं कधी आणि परत यायचं कधी, मिनिटांसकट, कारण खुर्चीत बसल्या बसल्या काकूंचा पहिला प्रश्न तोच असणार आहे.